पाचाचा खेळ: नेम विसावर, हिशेब बाकीवर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी आणि माझा मित्र एरवी डार्ट्समध्ये ५०१ (५०१ वरून वजा करत बरोबर शून्यावर संपवायचा खेळ) खेळतो आणि बहुतेक वेळा मीच जिंकतो. हल्ली आम्ही 'ऑल फाइव्ज' सुरू केलाय. तीन डार्टच्या बेरजेला पाचाने पूर्ण भाग गेला तरच गुण, तेही भागाकाराएवढे, नाहीतर फेरी कोरी. आधी ५१ गुण गाठेल तो जिंकला. यात मी सारखा हरतोय. नेम नेहमीसारखा २० वरच धरतो, तरी पाचातल्या चार फेऱ्या वाया जातात. बेरीज करता करता हात थांबतो ते वेगळंच. शिवाय तिसरा डार्ट बाहेर गेला तर काय, ५१ ओलांडले तर काय, यावरून रोज वाद. नक्की कुठे मारायचं?"

आधी एक गंमत सांगतो. पाचातल्या चार फेऱ्या कोऱ्या, म्हणजे एक लागते. आता समजा एखाद्याने डोळे मिटून डार्ट फेकले आणि ते बोर्डावरच्या विसापैकी कुठल्याही आकड्यात सारख्याच शक्यतेने लागले. पहिल्या दोन डार्टची बेरीज काहीही असो, ती पाचाच्या पटीत आणणारे आकडे विसात बरोबर चार असतात. म्हणजे त्याचीही पाचात एक फेरी लागते. तुमचा हात त्याच्यापेक्षा नक्कीच चांगला आहे, तरी निकाल तोच येतोय. म्हणून मला वाटतं अडचण हातात नसून नेमाच्या जागेत आहे. ५०१ मध्ये जी जागा सोन्याची, ती इथे निम्मी घातक आहे.

हे आकड्यांत बघा. ५०१ खेळणारा माणूस २० च्या मधोमध नेम धरतो. त्याचे दहातले सहा डार्ट २० किंवा ५ मध्ये आणि चार डार्ट उजवीकडच्या १ मध्ये गेले असं धरू. ५०१ च्या दृष्टीने हे वाईट नाही. पण इथे तिन्ही डार्ट पाचाच्या पटीत येण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे ०.२१६. आणि जे डार्ट १ मध्ये गेले ते एक असोत, दोन असोत की तीन, बाकी १, २ किंवा ३ उरते, शून्य जवळपास कधीच नाही. म्हणजे तेच, पाचात एक. तुम्ही जे सांगताय ते हेच असावं.

आता बोर्ड नव्या नजरेने बघू. वरून घड्याळाच्या दिशेने आकडे असे आहेत: २०, १, १८, ४, १३, ६, १०, १५, २, १७, ३, १९, ७, १६, ८, ११, १४, ९, १२, ५. मोठ्या आकड्याशेजारी छोटा आकडा, म्हणजे नेम चुकला की दंड, हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्रत्येक आकड्याला पाचाने भागून फक्त बाकी लिहिली तर याच बोर्डाचा नकाशा वेगळा दिसतो: ०, १, ३, ४, ३, १, ०, ०, २, २, ३, ४, २, १, ३, १, ४, ४, २, ०. हे एकदा कागदावर गोल काढून स्वतःच्या हाताने लिहून काढा. दहा मिनिटं जातील, पण त्यानंतर बोर्ड पूर्वीसारखा दिसणार नाही.

त्या गोलात काही ठिकाणी सारखी बाकी शेजारी शेजारी आली आहे. ५ आणि २० शेजारी, दोघांची बाकी शून्य. ही जोडी बारा वाजायच्या जरा अलीकडे. १० आणि १५ शेजारी, बाकी शून्य. चार वाजायच्या जागी. त्यांना लागूनच २ आणि १७, बाकी दोन. पाच वाजायच्या जागी. आणि डावीकडे वर, दहाच्या जागी, १४ आणि ९, बाकी चार. बस, जोड्या एवढ्याच. बाकी एकचे १, ६, ११, १६ हे चार आकडे आणि बाकी तीनचे ३, ८, १३, १८ हे चार आकडे बोर्डभर विखुरलेले आहेत. त्यातले कुठलेही दोन एकमेकांना चिकटलेले नाहीत. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे.

जोडीचा फायदा काय? बोर्डावरचा प्रत्येक कप्पा १८ अंशांचा. ट्रेबल (कप्प्याच्या मधलं अरुंद कडं, तिथे आकड्याची तिप्पट) आणि डबल (बाहेरचं अरुंद कडं, तिथे दुप्पट) यांच्या मधला जो रुंद पट्टा आहे, तिथे एक कप्पा साधारण ४२ मिलिमीटर रुंद भरतो. जोडी धरली की जवळपास ८५. तेव्हा कप्प्याच्या पोटात नेम धरायचं सोडा आणि दोन कप्प्यांमधल्या तारेवर धरा. पाचाच्या खेळात तार हेच लक्ष्य. ५०१ च्या सवयीला हे फार विचित्र वाटतं, कारण तिथे तारेजवळ डार्ट लागला की आपण ओठ चावतो. ट्रेबलच्या उंचीवर २० च्या मध्यापासून ५-२० ची तार १६ मिलिमीटर डावीकडे आहे. एवढंच सरकायचं आहे. एवढ्यानेच दहातले आठ डार्ट जोडीत यायला लागले, तर तिन्ही बरोबर येण्याची शक्यता ०.५१२ होते. निम्म्याहून जास्त फेऱ्या, आणि अजून आपण डोकं वापरलेलंही नाही.

मग ५-२० धरायची की १०-१५? इथे सरसकट उत्तर देणार नाही, कारण ते तुमचा हात कसा चुकतो यावर आहे. गुणांच्या हिशेबाने दोन्ही जोड्या सारख्याच: ५ आणि २० ची सरासरी साडेबारा, १० आणि १५ चीही साडेबारा. तिन्ही डार्ट जोडीत आले तर दोन्हीकडे सरासरी साडेसात गुण मिळतात. फरक पसाऱ्यात आहे. १०-१५ वर साधी फेरी (ट्रेबल-डबल न लागता) लागली की ६, ७, ८ किंवा ९ गुण. ५-२० वर ३, ६, ९ किंवा १२. एक बाजू संथ, दुसरी झटका देणारी.

हाताचं म्हणाल तर, ज्याचे डार्ट वर-खाली पसरतात त्याने ५-२० धरावी. तो पट्टा जवळजवळ उभा आहे, त्यामुळे डार्ट खाली आला किंवा वर गेला तरी त्याच जोडीत राहतो. ज्याचे डार्ट डावी-उजवीकडे पळतात त्याला १०-१५ सोयीची, कारण तो पट्टा आडवा कललेला आहे. डार्ट हातातून सोडायची वेळ मागेपुढे झाली की तो वर-खाली जातो, आणि शिकाऊ हातात हाच दोष मी जास्त बघतो. म्हणून नव्या माणसाला मी आधी ५-२० च देतो. पण स्वतःचे वीसेक डार्ट एकाच तारेवर मारून त्यांचा पसारा कसा पडतो ते बघा, आणि मग ठरवा. माझं ऐकून ठरवू नका.

५-२० च्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, पण तो समजायला आधी चुकलेल्या डार्टचं काय करायचं ते बघू. खरा खेळ तिथे आहे.

पहिली गोष्ट, बेरीज करत बसू नका. तुम्हाला फक्त बाकी लागते आणि ती शेवटच्या अंकावरून मिळते. शेवटी ६ असेल तर बाकी १, ७ असेल तर २, ८ ला ३, ९ ला ४. १ ते ४ जसेच्या तसे. ० आणि ५ ला शून्य. डबल लागला तर त्या बाकीची दुप्पट, ट्रेबल लागला तर तिप्पट, आणि पाच किंवा वर गेलं की पाच वजा करत जा. ट्रेबल ७ लागला? सातची बाकी २, तिप्पट ६, म्हणजे १. एकवीस म्हणायची गरज नाही. मी शिकवताना खेळाडूला डार्ट लागला की तोवरची एकूण बाकी मोठ्याने म्हणायला लावतो: "एक." "एक." "शून्य." बेरीज फळ्यावर लिहिणारा करेल. तुमचा हात थांबतो तो हिशेबामुळे नाही, चुकीच्या हिशेबामुळे.

आता मुख्य मुद्दा. तिसरा डार्ट हातात असताना बाकी शून्य असेल तर शून्याचीच जोडी हवी: ५-२० किंवा १०-१५. बाकी एक असेल तर चार हवेत, आणि त्यासाठी १४-९ ची जोडी आहे. बाकी तीन असेल तर दोन हवेत, त्यासाठी २-१७ आहे. पण बाकी दोन असेल तर तीन हवेत, आणि तिथे जोडी नाही. बाकी चार असेल तर एक हवा, तिथेही नाही. या दोन वेळी तुम्हाला ८५ ऐवजी ४२ मिलिमीटरमध्ये मारायचं असतं. त्यामुळे तिसऱ्या डार्टपर्यंत बाकी दोन किंवा चार घेऊन जायचं नाही, आणि हे टाळायचं काम दुसऱ्या डार्टचं आहे. लोक या खेळात तिसऱ्या डार्टला घाबरतात. मी दुसऱ्याकडे बघतो.

मजा अशी की हातात दोन डार्ट असतील तर कुठलीही बाकी जोड्यांच्याच मदतीने फेडता येते. एकेक घेऊ.

पहिला डार्ट १ मध्ये गेला, बाकी एक. दुसरा परत ५-२० वर मारा आणि तिसरा १४-९ वर. १, २०, १४ म्हणजे ३५, सात गुण. दुसरा रस्ता म्हणजे दोन्ही डार्ट २-१७ वर मारायचे, कारण एक अधिक दोन अधिक दोन पाच. पण तिथे १ + २ + २ झाले तर गुण एकच मिळतो. मी पहिलाच रस्ता घेतो. कुणी विचारतं, आधी १४-९ उरकून मग २० वर का येऊ नये? येता येईल, पण मग नेम दोनदा बदलावा लागतो. हाताची रेघ २० वर बसलेली असते. दुसरा डार्ट त्याच रेघेवर जाऊ द्यावा, आणि जागा एकदाच बदलावी.

पहिला डार्ट १२ मध्ये गेला, बाकी दोन. इथेच माणूस हमखास फसतो. सवयीने तो परत २० वर मारतो, तो डार्ट सुंदर लागतो, आणि तिसऱ्याला बाकी दोनची अवघड जागा उरते. उत्तम मारलेला डार्ट, पण वाया. इथे २० विसरा. उरलेले दोन्ही डार्ट १४-९ च्या तारेवर मारा: दोन अधिक चार अधिक चार, दहा. एक फेरी जवळून बघू. पहिला डार्ट १२ मध्ये. खेळाडू "दोन" म्हणतो, डावीकडे नजर नेतो. दुसरा डार्ट ९ मध्ये, तारेच्या वरच्या अंगाला, "एक." तिसरा त्याच तारेच्या खालच्या अंगाला, १४ मध्ये. १२ + ९ + १४ म्हणजे ३५, सात गुण. साध्या लागलेल्या फेरीची सरासरी साडेसात आहे हे लक्षात घ्या. म्हणजे चुकलेला डार्ट सावरताना तुम्ही जवळपास काहीच गमावलं नाही. दोन्ही १४ लागले तर ४०, आठ गुण. दोन्ही ९ लागले तर ३०, सहा.

पहिल्यालाच बाकी तीन आली तर दुसरा ५-२० वर, तिसरा २-१७ वर. बाकी चार आली तर एक डार्ट १४-९ वर आणि एक २-१७ वर. चार, चार आणि दोन मिळून दहा. या दोन वेळा क्वचितच येतात, कारण ५-२० वर नेम धरणाऱ्याचा डार्ट सहसा १ किंवा १२ मध्येच चुकतो.

म्हणजे आतापर्यंतचं सार एवढंच: शून्य असताना ५-२०, एक आली तर एकदा २०, मग १४-९, दोन आली तर दोनदा १४-९. पहिले काही दिवस एवढंच पाठ करा. बाकीचं आपोआप येईल.

एक सावधगिरी. शून्य बाकीच्या जोडीत ट्रेबल लागो, डबल लागो, फरक पडत नाही. शून्याची कितीही पट करा, शून्यच. त्यामुळे ५-२० चा पट्टा बुलच्या (बोर्डाच्या मधल्या छोट्या गोलाच्या) कडेपासून बाहेरच्या डबलपर्यंत सबंध कामाचा. १४-९ चं तसं नाही. तिथे ट्रेबल लागला तर चारच्या जागी बाकी दोन होते, डबल लागला तर तीन. म्हणून सावरणारा डार्ट ट्रेबल आणि डबलच्या मधल्या रुंद भागात, शांतपणे मारायचा. तो भाग ५५ मिलिमीटर खोल आहे, पुरेसा आहे. इथे ट्रेबलचा मोह धरणारे लोक मी फार पाहिलेत, आणि ते बहुतेक ५०१ मधून आलेले असतात.

आता जे राहिलं होतं ते, ५-२० च्या बाजूचा मुद्दा. फेरी स्वच्छ असताना डार्ट चुकायचाच असेल तर तो १ मध्ये चुकलेला बरा, १२ मध्ये नको. कारण बाकी एक सावरायला सोपी. म्हणून बाकी शून्य असेपर्यंत मी तारेवरून केसभर २० च्या अंगाला झुकतो. २० मोठा, आणि त्याच्या शेजारची चूकही बरी. दोन्ही फायदे एकाच बाजूला. पण एक डार्ट १ मध्ये गेला की उलटं. आता पुन्हा १ लागला तर बाकी दोन होते, आणि ती तिसऱ्याला नको आहे. १२ लागला तर बाकी तीन, तिला २-१७ आहे. म्हणून मग ५ च्या अंगाला झुकायचं. १०-१५ वर हे जुळत नाही. तिथे बरी चूक ६ ची, म्हणजे १० च्या बाजूची, आणि मोठा आकडा १५ दुसऱ्या बाजूला. इकडे झुकावं तर गुण कमी, तिकडे झुकावं तर २ लागून अडचण. म्हणूनच हात दोन्हीकडे सारखा असेल तर माझं मत ५-२० ला.

असंच १४-९ वर मारतानाही थोडं १४ कडे झुका. १२ मध्ये चुकलेल्या फेरीत दुसरा डार्ट १४ च्या पलीकडे ११ मध्ये गेला तर बाकी तीन होते, आणि २-१७ शिल्लक असते. ९ च्या पलीकडे परत १२ मध्ये गेला तर बाकी चार, आणि मग एकट्या कप्प्याची वेळ.

आणि आलीच ती वेळ तर? बाकी चार असेल तर मी १६ घेतो. बाकी एकच्या आकड्यांत तो सगळ्यात मोठा, आणि डबल १६ वर डाव संपवायच्या सवयीमुळे ५०१ वाल्यांचा हात तिकडे बसलेला असतो. बाकी दोन असेल तर १८ मोठा, पण ज्याचा हात खालच्या बाजूला चांगला चालतो त्याने ८ किंवा ३ घ्यायला हरकत नाही. इथे आकड्याच्या मोठेपणापेक्षा लागणं महत्त्वाचं, कारण १८ आणि ८ मधला फरक फक्त दोन गुणांचा आणि चुकलात तर सगळीच फेरी जाते.

बुलबद्दल कुणीतरी विचारणारच. बाहेरचा बुल २५ आणि आतला ५०, दोन्ही पाचाच्या पटीत, मग शून्य बाकी असताना तिकडे का मारू नये? कारण बाहेरचा बुल धरूनही तो जेमतेम ३२ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि त्याच्याभोवती वीसही आकडे आहेत. चुकलात तर कुठली बाकी येईल सांगता येत नाही. ज्याचा बुल पक्का आहे त्याने जरूर मारावा. त्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही. तसंच ट्रेबल २० नियमित मारणाऱ्यांचं. एकटा ट्रेबल २० म्हणजे बारा गुण, तिन्ही लागले तर १८०, म्हणजे एका फेरीत ३६. असा खेळाडू दोन फेऱ्यांत डाव संपवू शकतो. त्याने फक्त नेम ट्रेबल २० च्या डाव्या अर्ध्यात ठेवावा.

आता नियमांचा वाद. घरोघरी नियम थोडे बदलतात, त्यामुळे तुम्ही दोघं आधी काय ठरवता ते महत्त्वाचं. मी जे पाळतो ते कारणासह सांगतो.

तिसरा डार्ट गुणांच्या भागात लागलाच पाहिजे. बाहेर गेला, पडला किंवा आकड्यांच्या काळ्या कडेत रुतला तर फेरीचे गुण शून्य. हा नियम सोडू नका. नाहीतर पहिल्या दोन डार्टना ४० झाले की माणूस तिसरा मुद्दाम भिंतीवर मारेल आणि आठ गुण खिशात घालेल. खेळातली सगळी धाकधूक तिसऱ्या डार्टमध्ये आहे: ४० जमा आहेत, आता २० किंवा ५ लागला तर छान, १ लागला तर ४१ आणि हातात भोपळा. पहिला किंवा दुसरा डार्ट बाहेर गेला तर मी तो शून्य धरतो आणि खेळ पुढे चालू. मुद्दाम बाहेर मारायचा असेल तरी मारा, नियमात बसतं; पण गुण कमीच होतात, त्यामुळे शेवट सोडला तर कुणी ते करत नाही.

५१ ओलांडण्याबद्दल दोन पद्धती आहेत. '५१ किंवा पुढे' ही सोपी. नवे लोक, मुलं, किंवा चार-पाच जण मिळून खेळत असतील तर हीच ठेवा, नाहीतर डाव संपता संपत नाही. स्वच्छ फेरी सरासरी साडेसात गुणांची, म्हणजे एकही कोरी न जाता सुद्धा सातेक फेऱ्या लागतात. 'बरोबर ५१' ही दुसरी. त्यात पुढे गेलात तर त्या फेरीचे गुण धरत नाहीत, आधीचे तसेच राहतात. तुम्ही दोघं ५०१ खेळता, तुम्हाला नेमकं संपवायची सवय आहे. मी तुम्हाला हीच सुचवेन. यात शेवटचा हिशेब फार सुंदर आहे.

'बरोबर ५१' मध्ये शेवटाला १०-१५ ची जोडी कामी येते. तिथल्या साध्या फेरीचे गुण ६ ते ९ मधलेच. म्हणजे सहा, सात, आठ किंवा नऊ गुण उरले असतील तर त्या तारेवर एकाच फेरीत संपायची सोय आहे. आता मागे जा. पंधरा गुण उरलेत, म्हणजे तुम्ही ३६ वर आहात. १०-१५ वर एक स्वच्छ फेरी टाकलीत तर ६, ७, ८ किंवा ९ गुण मिळतील आणि उरतील ९, ८, ७ किंवा ६. काहीही लागलं तरी पुढची फेरी त्याच तारेवर! म्हणून मी ३६ च्या आसपास पोचेपर्यंत ५-२० वर खेळतो आणि तिथून उजवीकडे उतरतो.

शेवटच्या फेरीत मात्र बाकी सोडून खरी बेरीज धरावी लागते. आठ गुण उरलेत म्हणजे ४० हवेत. पहिला १५ लागला, २५ उरले. तार तशीच धरा, कारण १० आणि १५ यापैकी काहीही लागलं तरी दुसरं उरतं. दुसरा १५ लागला, आता नेमका १० हवा. आता तार सोडा आणि १० च्या पोटात मारा. इथे १५ लागला तर पुढे गेलात, ६ लागला तर ३६ म्हणजे तसंही कोरं. एक-दोन गुण उरवून ठेवू नका. एक गुण म्हणजे तीन डार्टमध्ये मिळून फक्त पाच. तिन्ही डार्ट लागले तर १, १, ३ किंवा १, २, २ असले तुकडे जुळवत बसावं लागतं. अशा वेळी पहिले दोन डार्ट मुद्दाम बाहेर टाकून तिसऱ्याने ५ मारायचा, हे वर सांगितलेल्या नियमात चालतं. काही जणांना ते खपत नाही. तुम्हाला खपतं का, ते डाव सुरू व्हायच्या आधी ठरवा, मध्येच नको.

नावावरून होणारा एक घोळही सांगून ठेवतो. लंडनच्या पूर्व भागात 'फाइव्ज' नावाचा वेगळा बोर्डच असतो. त्यावर बाराच कप्पे आणि आकडे फक्त ५, १०, १५, २०. आपला खेळ त्या बोर्डावर खेळण्यात अर्थ नाही, तिथे प्रत्येक डार्ट पाचाच्याच पटीत पडेल. हा खेळ नेहमीच्या वीस आकड्यांच्या बोर्डाचा. उंची आणि अंतर तेच, बुल जमिनीपासून १.७३ मीटर आणि बोर्डाच्या दर्शनी भागापासून फेकायची रेघ २.३७ मीटर.

सरावासाठी एकच गोष्ट करा. मित्राने पहिला डार्ट हाताने कुठल्याही कप्प्यात टोचायचा, तुम्ही बाकी म्हणायची आणि उरलेल्या दोन डार्टनी फेरी सावरायची. मग तुम्ही टोचायचा, त्याने सावरायची. तो तुम्हाला सारखे १२ आणि ७ देईल, म्हणजे बाकी दोनचे आकडे; द्यावेतच. ७ टोचला तरी उत्तर तेच, दोन्ही डार्ट १४-९ वर. या सरावात गुण मोजू नका, फक्त सावरली की नाही एवढंच. थोड्या वेळात डोळा आपोआप डावीकडे वळायला लागतो, बाकी म्हणायच्याही आधी.

इलेक्ट्रॉनिक बोर्डावर खेळत असाल आणि त्यात हा खेळ नसेल तर काउंट-अप (नुसती बेरीज वाढत जाणारा खेळ) लावा, प्रत्येक फेरीची बेरीज बघा आणि गुण कागदावर लिहा. कागदावर बेरीज लिहू नका, भागाकारच लिहा. ३५ ऐवजी ७. आणि दोघांच्या फेऱ्या सारख्या होऊ द्या: सुरुवात करणाऱ्याने ५१ गाठले तरी दुसऱ्याची ती फेरी बाकी असेल तर ती खेळू द्यायची, दोघेही पोचले तर एकेक फेरी जास्त.